तपासणीपुरते मालक

९ नोव्हेंबर १९८४, तुर्भे
घरांची तपासणी येतेय म्हणे. मूळ मालक राहत नसेल तर घर रद्द. गरिबांसाठीची घरं, विकायची परवानगीच नाही. आमचं अजून खाणकामगार दगडूच्याच नावावर. बायकोच्या ऑपरेशनला अडला होता, तेव्हा मी पडत्या भावात घेतलं. तो गेला नाल्यापलीकडे, झोपडीत. सुमतीला टेन्शन. मला मात्र झोप लागते, याची लाज वाटते.

११ नोव्हेंबर
झोपडीत जाऊन आलो. सगळीकडे खाणीची धूळ. त्याची पोर छबी सारखी खोकत होती. म्हटलं, "तपासणीपुरते तुम्ही मालक व्हा. आम्ही पाहुणे." दगडू हसला. "व्हतो की साहेब. घर आमचंच हाय ना." नाही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर
सकाळीच तिघं आले. सुमतीने आमचा लग्नातला फोटो कॉटखाली सरकवला. दगडूच्या बायकोने, गयाबाईने, न विचारता आमचं कॅलेंडर काढलं आणि त्याच खिळ्यावर बुद्धाची तसबीर लावली. खिळा तिचाच. मग चहा टाकला. साखरेचा डबा तेवढा सुमतीला विचारावा लागला, ओशाळली बिचारी.
तपासणीचे साहेब आलेच नाहीत. या आठवड्यात कधीही येतील म्हणे.

१७ नोव्हेंबर
तिघंही इथेच. गयाबाई म्हणते, "साहेब कवाबी आले तर?" बरोबरच आहे. सुमती रात्री कुजबुजली, "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी." ओसरी कुणाची, हे मी बोललो नाही. भित्रा आहे मी.
छबीचा खोकला कमी वाटतो.

२० नोव्हेंबर
साहेब आले, उभ्या उभ्या बघून गेले. माझ्याकडे बोट करून, "हे कोण?" दगडू म्हणाला, "पावने हायत. अडचनीत व्हते, म्हनून ठिवलंय." मी मान खाली घातली. घर वाचलं.
संध्याकाळी त्यांनी बोचकं बांधलं. गयाबाई दारात थबकली. "खोकला जाईस्तोवर पोरीला ठिवता का?" सुमती म्हणाली, यांना विचारा. मी म्हटलं, उद्या सांगतो. एवढं साधं 'हो' तोंडातून निघेना. शेवटी पोरीला आजच्यापुरतं ठेवून दोघं गेली.

२१ नोव्हेंबर
गयाबाई सकाळपासून ओट्यावर बसून आहे. आत यायला तयार नाही. छबी मोरीत पाणी उडवतेय.
अजून सांगितलेलं नाही.