धाकटीची खुर्ची

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकी रस्त्याकडे उघडते, नळाला गरम पाणी येतं आणि पलंग करकरत नाही. याहून जास्त मागणारी मी कोण? खाली दुकान, वर आमच्या खोल्या. दुकान रफूचं. जळलेल्या पँटी, कसर लागलेले कोट, कुत्र्याने फाडलेली ब्लँकेटं. भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला स्वतःलाही सापडू नये, असं काम. मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. त्यांचा भाऊ इस्त्री करतो, तो काका. दोघांनी दारातच माझी बॅग काढून घेतली. आत्या म्हणाल्या, इथे नोकर कुणी नाही, सगळे घरचेच. तुला आम्ही धाकटी म्हणू.

मला हसूच आलं. घरी मी थोरली. नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये, असं बोबडीला जन्मभर चिडवत आले, आता भोगा. बोबडी म्हणजे माझी बहीण. शाळेत जाईपर्यंत तिला 'र' म्हणता येत नव्हता, तेव्हाचं हे नाव. आता जीभ कात्रीसारखी चालते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

नोकरी आली तीही गंमतच. एक बाई आमच्या दारी आल्या आणि आईच्या नात्यातल्या आहोत म्हणाल्या. आईला भाऊ नाही की बहीण नाही, तिला काही आठवेना. पण नातं सांगत आलेल्या बाईला तू कोण कुठली असं तोंडावर कसं विचारायचं? चहा झाला. त्या म्हणाल्या, मी हे काम सोडतेय, जाताना माझ्या जागी चांगल्या हाताची मुलगी देऊन जायचं आहे. आईने लगेच माझं विणकाम पुढे केलं. बाईंचं नाक थेट आईसारखं होतं. असतात बाई, नाकं सारखी.

१२ फेब्रुवारी

हे काम बाहेरून वाटतं तसं नाही. बाजारातलं रीळ चालत नाही. धागा त्याच कोटातून काढायचा, आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून. मग भोकावर आधी उभे धागे, त्यातून एक वर एक खाली असे आडवे. परका धागा कितीही जुळता असला तरी उन्हात वेगळा दिसतो, हे आत्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

आम्ही तिघं खिडकीशी बसतो. माझी खुर्ची बुटकी आहे. तिच्या गादीला आधीच्या बाईच्या बैठकीचा खळगा पडलाय. मी गादी उलटी करून पाहिली, तर खालच्या अंगालाही तसाच खळगा.

३ मार्च

वैताग, वैताग, वैताग. आज पुन्हा माझं दिवसभराचं काम आत्यांनी उसवलं. रागावून नाही हो, लाडाने! पाठीवरून हात फिरवत एकेक धागा ओढून काढला आणि म्हणाल्या, धाकटीला घाई फार, शिकेल. सुट्टी मागितली तर घरच्या माणसाला घरातून रजा कसली म्हणून हसल्या. काका तर गेला महिना एक शब्द बोललेले नाहीत, नुसती वाफ सोडतात. चांगलं झालेलं काम कुणाला दिसत नाही, आणि बिघडलेलं सगळ्या जगाला दिसतं. अशा नोकरीत माणसाने खूश व्हावं कधी?

आईला फोन केला. ती मजेत. म्हणाली, मावशी राहायला आली आहे, घर कसं भरल्यासारखं वाटतं. मी विचारलं, कोण मावशी? आई हसली, मला म्हणाली, स्वतःची मावशी विसरलीस का, तुला अंगाखांद्यावर खेळवलंय तिने. मागून बोबडीही हसली. दोघी मिळून माझी टिंगल करत असणार. मी फोन आपटला.

१९ मार्च

ठरलं. सोडायचं. पण भांडून नाही. बोबडीला फोन करून विचारलं, ती असल्या बाबतीत माझ्याहून शहाणी. तिचं म्हणणं असं, की आधी आभार मान, शिकवलंत म्हण. मग असं कारण सांग ज्यात कुणाचाच दोष नाही. महिनाभर थांबते म्हण. नव्या मुलीला शिकवून जाते म्हण. आणि त्या काही लावून बोलल्या तरी हसत राहा, कारण जग लहान आहे, कधी कुणाचं तोंड बघावं लागेल सांगता येत नाही. कारण म्हणून आईचं दुखणं सांग म्हणाली. मी म्हटलं, आईचं नाव असल्या कामात घ्यायचं नाही.

बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि विचारलं, ताई, तुला माझ्याहून मोठी म्हणायचं की धाकटी? विचित्रच आहे कार्टी.

२१ मार्च

सांगितलं. आरशासमोर घोकलं होतं तसंच, एक शब्द इकडे तिकडे नाही. आत्यांनी सुई खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. डोळे पुसले. म्हणाल्या, किती गोड बोललीस, इतक्या नीट आजवर कुणी निरोप घेतला नाही.

मग त्यांनी रीत सांगितली. त्यांना खरोखरची एक धाकटी बहीण होती. ती एक दिवस न सांगता उठून गेली. तेव्हापासून या घराला भोक आहे, आणि आत्या भोक ठेवत नाहीत. खुर्ची रिकामी राहणार नाही. जायचं तर खुशाल जा, पण आपल्या जागी माणूस देऊन जा. मी म्हटलं, पेपरात जाहिरात देऊ. त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. म्हणाल्या, जाहिरातीतून परका धागा येतो गं. बसलेल्या माणसाच्याच घरातला हवा.

माझ्या घरात दोघीच आहेत, आई आणि बोबडी. मी हसत राहिले. बोबडीने सांगितलं होतं ना, हसत राहा.

२ एप्रिल

घरी फोन केला. आईने विचारलं, आपण कोण बोलताय? मी म्हटलं, आई, मी. ती अवघडून म्हणाली, तुम्ही चुकीचा नंबर लावलात बहुतेक, माझी मुलगी इथेच आहे, समोर बसली आहे. मला तुम्ही म्हणाली. माझी आई.

पुन्हा लावला. बोबडीने घेतला. ती तर फारच अदबीने बोलली.

काकांनी इस्त्री थांबवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, बसतेय धाकटी, छान बसतेय.

५ एप्रिल

न सांगता निघाले. बस धरून थेट घर. दार उघडलं त्या बाईंनी, नोकरी घेऊन आल्या होत्या त्याच. मला बघून दचकल्या नाहीत. बाहेर आल्या, मागे दार ओढून घेतलं आणि पायरीवर माझ्या शेजारी बसल्या.

खरंच मावशी आहे ती. आईची सख्खी बहीण. तिने माझ्यापासून काहीही लपवलं नाही. तिला त्या खुर्चीत तिच्या सख्ख्या आत्याने बसवलं होतं, दुकानातल्या आत्यांनी नव्हे. पोरवयात गेली ती पिकल्या केसांनी सुटली, आणि सुटली ती मला देऊन. ज्याने माणूस दिलं त्याला ते माणूस आठवत राहतं, बाकीचं घर विसरतं. मी म्हटलं, मावशी, गोड बोलून केसाने गळा कापलास. तर म्हणाली, हो. भाजी कशी निवडायची सांगावं तशा आवाजात म्हणाली. मग पुढचंही समजावलं. भांडून सुटत नाही. पळून तर मुळीच नाही. पळालीस की ना तिथली ना इथली, मग वाटेवरची माणसंही तुझ्याकडे बघायची थांबतात. सुटायचं तर गोडीने. आपलं माणूस द्यायचं. बोबडीचा हात चांगला आहे, असं म्हणून ती उठली.

आतून आईने विचारलं, कोण आहे गं? मावशी म्हणाली, कुणी नाही.

६ एप्रिल

बसस्टँडवर आहे. चहावाल्याला तीनदा हाक मारली. त्याने माझ्या मागच्या माणसाला चहा दिला. माझ्या बाकावर एक बाई येऊन बसली, अगदी माझ्या मांडीवरच बसणार होती, मी सरकले म्हणून.

मी हे करणार नाही. बोबडीला नाही. मेले तरी नाही.

८ एप्रिल

केलं.

ती कामावरून येत होती, कोपऱ्यावर गाठलं. मी म्हटलं, मी तुमच्या आईच्या नात्यातली. तिने मला नीट पाहिलं, बहुतेक मी तेवढी उरले होते. माझा चेहरा उतरलेला बघून तिने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मी नोकरीचं सांगितलं. खोलीला खिडकी आहे म्हटलं. गरम पाणी येतं म्हटलं. ती माझ्यापेक्षा भोळी, मी सांगितलेलं सगळं तिला खरं वाटलं. जाताना म्हणाली, तुम्ही किती चांगल्या आहात.

तिला 'तू' म्हणायला माझी जीभ वळली नाही.

१३ एप्रिल

बोबडीला खुर्चीत बसवून दिलं. आत्यांनी मला पोटाशी धरलं. म्हणाल्या, असं हसतखेळत जावं माणसाने. काकांनी बॅग बसपर्यंत आणून दिली.

घरी आले. आई म्हणाली, कुठे होतीस इतका वेळ, चहा गार झाला. तू म्हणाली! मी तिच्या कुशीत शिरून रडले. ती म्हणाली, एकुलती एक म्हणून फार लाडावलंय तुला.

मावशी पलीकडे बसून शेंगा सोलत होती.

२० एप्रिल

मावशी माझ्यावर नजर ठेवून असते. मी तिच्यावर. बोबडी जेव्हा केव्हा वैतागेल तेव्हा ती इथेच येणार, आणि या घरातलं कुणीतरी मागणार. कोणाला, ते आम्हा दोघींना ठाऊक आहे. जेवताना दोघींचेही कान दाराकडे. आई म्हणते, काय गं मुकाट जेवता, तोंडाला कुलूप घातलंय का?

२९ एप्रिल

आली.

दार आईनेच उघडलं. मी आणि मावशी ताटावरून उठलो नाही. ऐकू सगळं येत होतं. बोबडी रडली नाही, भांडली नाही. सांगितलं, की रफूचं काम आहे, या घरातलंच माणूस हवं आहे, आणि—माझ्याकडे बोट केलं. तिला कळलंय सगळं. बरोबर आहे तिचं. माझंच नाव घ्यायला हवं तिने.

आईने बोबडीच्या डोळ्यांखालचं काळं पाहिलं. म्हणाली, कुणाची गं पोर तू, किती सुकलीस. म्हणाली, आमच्या मुलीला नको, ती आत्ताच कुठे सावरतेय. मी येते. हात रिकामेच असतात माझे, नजरही अजून शाबूत आहे.

बोबडी नको नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मग गप्प बसली.

मावशीने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. गरज नव्हती. मी उठणार नव्हतेच.

३० एप्रिल, सकाळ

आई कपडे भरतेय. गाणं गुणगुणतेय. राजीखुशीने जाणारं माणूस चटकन बसतं, असं आत्या म्हणायच्या—मला आत्ताच सांगायला हवं—बॅग हिसकावून घ्यायला हवी—

तिने मला जवळ घेतलं. तिच्या पदराला कसला तरी वास, साबणाचा की—ओळखीचा वास होता.

३० एप्रिल

बाई निघाल्या. फार मायाळू होत्या. किती दिवस राहिल्या आमच्याकडे?

बोबडी आत ओट्याशी उभी आहे. हुंदके देतेय. काय झालं विचारलं तर नुसती मान हलवते. मावशी म्हणते, हिला काय धाड भरली.

मी खिडकीत. बाई अजून कोपऱ्यापर्यंत पोचल्या नाहीत. हातात आमची बॅग कशी? चालताना डावा खांदा जरा पाडतात—तसं कोण चालतं—

एक हाक मारली तर वळतील. काय म्हणून मारू?

मावशी विचारतेय, कुणाला बघतेस एवढी? मी म्हटलं, ती बघ ना, ती आपली—