लीव्ह म्हणजे नेमकं काय

लीड्स, ५ फेब्रुवारी

ती. आईस,

मोनिका दुरूनच पाया पडते. मी बरी आहे. थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे. कांदे काढून झाले का? माझी ईश्वरी तुझ्याशेजारी असताना तिच्याबद्दल फोनवर बोलता येईना, म्हणून लिहिते.

इथल्या वृद्धाश्रमात हॅरल्ड नावाचे आजोबा माझ्याकडे देखभालीला आहेत. सोमवारी मी विचारलं, "फोटोतला मुलगा कुठे असतो?" ते इंग्रजीत म्हणाले, "ही लेफ्ट," म्हणजे तो गेला. मला वाटलं, आत्ताच भेटून गेला. मी म्हटलं, "येईल की परत!" बिचारे अंगात कोट घालून संध्याकाळपर्यंत दाराशी बसले. मग थोरल्या नर्सनं सांगितलं, मुलगा अठरा वर्षांपूर्वीच त्यांना सोडून गेलाय.

निघणं, सोडणं, मागे ठेवणं, सगळ्याला यांचं एकच लीव्ह! मी माफी मागितली, तर माझा हात धरून म्हणाले, "आणि तू कोणाला लीव्ह करून आलीस?"

परवा फोनवर तू म्हणालीस, "खेळतीय पोर. काळजी करू नको, आमी हाय ना." पण मागून ईश्वरीचा आवाज मला आला होता गं, "मला न्हाई बोलायचं."

जेवते ना नीट? वेण्या कोण घालतं?

तिला जवळ घेऊन सांग, आई कामाला गेलीय, एप्रिलचं परतीचं तिकीट काढलंय. मराठीतच सांग, म्हणजे त्याचा दुसरा अर्थ निघणार नाही.

तुम्हा दोघींची,
मोनिका