आप्पांचा आवाज आणि माझा पॉडकास्ट

३ फेब्रुवारी २००८, रविवार
पॉडकास्ट सुरू. दौंडातला बहुधा पहिलाच. बहीण माया मस्कतला नर्स. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या तोंडून रेल्वेच्या गोष्टी ऐकायला मिळत नाहीत म्हणून फोनवर रडली. म्हटलं, तुझा भाऊ कशाला आहे? आप्पांनी कोळशाचं इंजिन चालवलं, मी कॉम्प्युटर चालवतो. मशिनरी आमच्या रक्तातच. पहिलं रेकॉर्डिंग झालं. माझा आवाज दणदणीत. आप्पांचा विहिरीच्या तळातून आल्यासारखा. वय झालं.

५ फेब्रुवारी, सेकंड शिफ्टला निघण्याआधी
व्हॉल्यूम वाढवला. आप्पा होते तेवढेच राहिले, पंख्याचं मात्र विमान झालं. पंखा बंद केला, तर आवाज घुमायला लागला. नेटवर लिहिलंय, जाड कापड वापरा. आप्पांच्या डोक्यावरून गोधडी टाकली. आतून ओरडले, "आरं, मला सर्दी न्हाई झाली!" एवढंच वाक्य स्वच्छ आलं. प्रगती आहे.

१० फेब्रुवारी
आप्पांना मोठ्यानं बोला म्हटलं. त्यांनी इंजिनावरचा जुना आवाज काढला. कॉम्प्युटरवर आवाजाच्या लेव्हलची पट्टी लालभडक. शेजारचे ज्ञानूमामा भांडण सोडवायला धावत आले, चहा पिऊन गेले.
गौतमी म्हणाली, "अहो, माइकचं तोंड तुमच्याकडं हाय."
मला माहीत होतं. टेस्टिंग चालू होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, अजून तिला टेस्टिंग कळत नाही.

११ फेब्रुवारी
माइक आप्पांपुढं सरकवला. निर्णय माझाच. आता दोघांचे आवाज अगदी सारखेच मोठे! मायाला पाठवलं. कुरकुंभला कंपनीत सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकायला मागितलं नाही. दबकले असतील.

१७ फेब्रुवारी, रविवार
मायाचा फोन. "दादा, एकदम क्लिअर! तुझं सगळं ऐकलं. आता आप्पांचं कधी पाठवतोस?"
तिचा काहीतरी गोंधळ झाला असणार, म्हणून स्वतः ऐकलं. आप्पा म्हणतात, "तवा घाटात..." की मी घाटाची माहिती देतो. आप्पा म्हणतात, "माझा फायरमन..." की मी फायरमन म्हणजे काय ते समजावतो. शेवटी आप्पा घसा साफ करतात आणि मी त्यांचे आभार मानतो.
दुपारी गौतमीनं माइक घेतला. तिचा प्रश्न एकच, "मग काय झालं, आप्पा?" आप्पा दिवेलागणीपर्यंत बोलत होते. मधेच एवढं हसले की बाहेर मला ऐकू आलं.
मला अंगणात कोंबड्या हाकायला बसवलं होतं. साउंड क्वालिटीचं निम्मं काम बाहेरच असतं.