पाकिटावरचं धरण

शेंडी,
१४ जुलै २०२५

ती. सौ. माधुरीताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

हे पत्र मी सव्वा महिना पुढं ढकललं, हे आधी कबूल करतो. तीनदा कागद काढला. एक पावसात भिजला, एकात भागिरथी आत्यानं मिरच्या बांधल्या आणि तिसऱ्यात शेंगा घेऊन मीच रतनगडाला गेलो. मोबाईल धरणात पडला तो पडलाच. तसंही फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. अप्पा पोस्टात होते म्हणून आपल्याला पत्रांची खोड लागली, ती अशी कामाला येते.

नाशिकचं गॅरेज सोडलं. का ते विचारू नकोस, लांबड आहे, मालकाचं कुत्रंही त्यात आहे. सध्या आत्याकडं असतो.

आता मुद्दा. तू लिहिलं होतंस की सातवा लागलाय, डॉक्टरीणबाईंनी मासे खायला सांगितलेत आणि आठवड्यातून तीनदा तू गल्लीतल्या दुकानातून पाकीट आणतेस, वर छापलेलं असतं ‘भंडारदरा धरणाचा ताजा मासा, बिनकाट्याचा’. ते मी आत्याला वाचून दाखवलं. ती चुलीपुढून उठून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली की मासा अंडी घालायचे दिवस हायेत, जूनपासून सगळ्यांची जाळी घरात टांगलेली, होड्या पालथ्या. मग नगरला मासा गेला कसा, यष्टीनं? आणि आपल्या धरणातला कटला काटे घरी ठिवून निघतो काय?

लई हसलो. पण मग दोघांनाही जेवण गेलं नाही.

पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय आहे ते लिहून पाठव. तोवर खाऊ नकोस.

माझ्यावरचा लोभ पातळ झाला असेल तर आत्याच्या वाट्यातला थोडा इकडं वळव.

तुझा,
सम्राट


नगर,
२१ जुलै २०२५

चि. सम्राट यास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. दहावीला विज्ञानात एकोणतीस मार्क पाडणारा भाऊ मला माशांचं शास्त्र शिकवतोय, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. गॅरेज सोडल्याचं ऐकून मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या की ह्या पोराच्या पायाला भिंगरी बांधूनच आईनं जन्म दिला असेल.

पाकीट बघितलं. मागं पत्ता आहे, नगर-मनमाड रोड, राहुरीच्या अलीकडं, गट नंबर वगैरे. तारीख १८ जुलै. मी म्हटलं, तीन दिवसांचाच आहे, म्हणजे ताजाच. मग पुन्हा वाचलं तर तिथं ‘पॅकिंग’ची तारीख लिहिलीय. पकडला कधी आणि कुठं, ते नाही.

सासूबाईंना मासा साफ करतानाचा वास सोसत नाही, म्हणून पाकीट. आणि खरं सांगू का? पहिल्यांदा त्या दुकानाच्या फ्रीजमध्ये ‘भंडारदरा’ वाचलं तेव्हा तिथंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाकीट पोटाशी धरून घरी आणलं, ह्यांना दाखवलं. हे तसेच हातपाय धुवायला मोरीत गेले. प्रेसमध्ये हल्ली छपाईचं काम फार असतं, दमून येतात.

तुझं पत्र आल्यापासून मात्र माझं डोकं ठिकाणावर नाही. बाळ हललं की बरं वाटतं. थोडा वेळ हललं नाही की मी पाकीट काढून वाचत बसते. ह्यांना विचारलं तर म्हणतात, एवढा विचार करू नये. काल केलेलं कालवण कुणाला दिलं नाही आणि टाकलंही नाही, झाकून ठेवलंय. आजवर जे खाल्लं ते तर आता परत काढता येत नाही ना रे?

आत्याला नमस्कार. आमच्यावर माया ठेव आणि निदान एका जागी महिनाभर तरी राहा.

तुझी ताई,
माधुरी


राहुरीजवळ,
२८ जुलै

ताई, जय भीम.

कार्डावर जागा कमी म्हणून भांडण नंतर. पाकिटावरच्या पत्त्यावर आलोय. पत्र्याचं मोठं शेड आहे. काम मागितलं, खोकी उतरवायला लगेच ठेवलं. खोकी थर्मोकोलची, बाहेरून ट्रकनं येतात. वर गोल गोल अक्षरं आहेत, ती इथं कुणालाच वाचता येत नाहीत. इथं धरणाचा एकही मासा नाही. बाकी पत्रात.

सम्राट


राहुरीजवळ,
२ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
सप्रेम जय भीम.

घाबरून वाचू नकोस. आधी बसून घे.

इथं लंकाबाई म्हणून एक आहेत, नऊ वर्षं मासे कापतायत. पंगस म्हणतात त्या माशाचे तुकडे करतात, धुतात, पाकिटात भरतात, मग तारखेचा शिक्का बसतो. बर्फात तो किती दिवस होता, कुठल्या तळ्यातला, पाण्यात काय घातलं होतं, मी सगळं विचारलं. लंकाबाई म्हणाल्या की आपल्याकडं येतो तो असाच येतो, मासा काय बोलत न्हाई बाबा. चांगला असेल, वाईट असेल. पण कळायला काही रस्ता न्हाई. त्या स्वतः खातात का, असं विचारलं तर त्यांनी सुरी धुवायला घेतली.

म्हणजे मासा खराब आहे असं मी म्हणत नाही, ताई. कुणाचा आहे ते माहीत नाही, एवढंच. डॉक्टरीणबाईंना पाकीट नेऊन दाखव. लाजू नकोस.

दुसरी गोष्ट लिहू की नको, यात माझा अर्धा दिवस गेला. मधे विहिरीवर पोहूनही आलो. आज सकाळी लेबलांचे रोल घेऊन संदीप दाजी आले. होय, आपलेच दाजी. पाकिटाचा कागद त्यांच्या प्रेसमध्ये छापला जातो. मला बघून रोल तिथंच टेकवले. मग सांगितलं. इथल्या मालकाला स्वच्छ पाण्याचं एखादं नाव हवं होतं. तू रोज धरणाचं कौतुक सांगतेस, तेच दाजींच्या तोंडून निघालं. माल तुझ्याच गल्लीत येईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि तू ते पाकीट पोटाशी धरून रडलीस, तेव्हा त्यांना तोंड उघडता आलं नाही. त्या दिवसापासून त्या माशाचा एक घास खाल्लेला नाही म्हणाले. पण तुला खाऊ दिलं ना, असं मी म्हटलं.

तिला लिहू नकोस, मी सांगतो, असं विनवतायत. दोन महिने सांगणारच होते म्हणे. म्हणून लिहितोय. आत्ता माझ्याच शेजारी बाकावर बसलेत, दाराकडं पाठ करून. चहा गार झालाय.

रागव, पण बाळाला त्रास होईल इतकं नको. लोभ मी मागत नाही, तो थोडा दाजींसाठी शिल्लक ठेव.

तुझा,
सम्राट

ता. क. पत्राचं पाकीट चिकटवायला खळ शोधत होतो, तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली. आधी हात बाहेर आला, मग पोट सावरत तू. म्हणजे माझं कार्ड पोचलं. हे पत्र आता टपालात टाकत नाही, हातातच देतो. दाजींनी अजून मागं वळून बघितलेलं नाही.