एक जूनच्या लेकी

परभणी,
रविवार, दि. ४ ऑगस्ट १९९१

आदरणीय दाजी तात्याराव यांस,
धाकटा मेहुणा भुजंग याचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (माझ्यापुरतं ते खरं नाही, पण रीत आहे म्हणून लिहिलं.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या खेपेला दिलेलं तेल लावता का बाटली तशीच कोनाड्यात आहे? सरजाआक्काचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. हे पत्र पोस्टात न टाकता सिताराम मास्तरांच्या हाती देत आहे. मास्तर उद्या सकाळी राणीसावरगावच्या शाळेवर हजर होणार आहेत, आणि पोस्टमनला तुमच्या गल्लीत यायला चार दिवस लागतात. एवढे दिवस आपल्याकडं नाहीत. पत्र आधी तुम्ही वाचा, मग आक्काला वाचून दाखवा. पोरीला, सत्यशीलेला मात्र तिचं तिला वाचू द्या, कारण तिच्यासमोर हे कुणी मोठ्यानं वाचलेलं मला इथं बसूनही सहन व्हायचं नाही.

आमच्या मुलींच्या अध्यापक विद्यालयात कॉम्प्युटर आला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मीच मागच्या तीन पत्रांत ते लिहिलं होतं. त्याला वेगळी खोली, खोलीला पडदे, भिंतीत गार हवेची पेटी आणि दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. प्राचार्य दत्तराव सर स्वतः तिथं अनवाणी जातात. (घरात मात्र चपला घालून हिंडतात, मी पाहिलं आहे.) मला पंधरा दिवस औरंगाबादला ट्रेनिंगला पाठवलं ते काही माझ्या हुशारीमुळे नव्हे. बाकीचे तिन्ही क्लार्क रिटायरमेंटला आलेले, आणि त्यातल्या एकाला कुणीतरी सांगितलं होतं की त्या मशीनच्या किरणांनी टक्कल पडतं. (त्याला ते आधीपासूनच आहे.) पण परत आल्यावर माझी मान जी ताठ झाली, ती काही खाली येईना. दरवर्षी हे तिघे मोठ्या रजिस्टरवर आठवडाभर पट्टी धरून प्रवेशाची यादी करतात. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदा मशीन दोन दिवसांत यादी काढील आणि त्यात काडीची चूक नसेल.

यंदा चाळीस जागांना चारशे बारा अर्ज. आपल्याकडचे लोक एक अर्ज हाताने देतात आणि दुसरा कुणा पुढाऱ्याच्या शिपायामार्फत पाठवतात, म्हणजे एक तरी पोचावा. असे दुहेरी अर्ज ओळखायला मशीनला काहीतरी खूण द्यावी लागते. नावं सारखी असतात, गावं सारखी असतात, म्हणून मी जन्मतारीख धरली. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही जुळलं की अर्ज आधीचाच समजायचा, नवा आत घ्यायचा नाही आणि पडद्यावर तशी चूक दाखवायची. ही अक्कल ट्रेनिंगच्या सरांची नाही, अस्सल माझी आहे.

दाजी, तुम्ही आता कपाळाला हात लावला असेल. लावा. सत्यशीलेला पहिलीत घालायला आक्काबरोबर मीच गेलो होतो. गुरुजींनी जन्मतारीख विचारली तेव्हा आक्का म्हणाली, “दुष्काळात खडी फोडायला जात होते, तवा झाली. शिमगा व्हायचा व्हता बगा.” गुरुजींनी मान हलवली आणि १ जून १९७३ लिहिलं. मागं रांगेत अकरा लेकरं होती, त्यांनाही तीच तारीख दिली, म्हणजे सगळी शाळेच्या वयात बसली. या जिल्ह्यात ज्या पोरींच्या जन्माची नोंद कुठं नाही, त्या सगळ्या १ जूनच्या. हे लिहिणाऱ्याचीही जन्मतारीख १ जूनच आहे, आणि तरी हा शहाणा म्हणतो की दोघींची तारीख एक कशी असेल!

अर्ज भरायला बसलो तर चौथ्या-पाचव्या नावाला मशीन ओरडायला लागलं. टूं करून आवाज, पडद्यावर हिरव्या अक्षरात चूक, आणि बटण दाबेपर्यंत पुढं हलायचं नाव नाही. पहिल्या साठ अर्जांत ते बावीस वेळा ओरडलं. बाकीचे क्लार्क दाराच्या पडद्याआडून मोजत होते. (एकानं भिंतीवर खडूनं रेघा मारल्या, त्या अजून आहेत.) मी वैतागलो. मला वाटलं, खेड्यातले लोक लबाड, सगळ्यांनी दोन-दोन अर्ज टाकलेले दिसतात. आपण स्वतः कुठल्या मातीतले, हे मला त्या गार हवेत आठवलं नाही.

त्यातच निरोप आला की शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष खोलीच्या उद्घाटनाला येणार आणि त्यांच्यासमोर यादी निघाली पाहिजे. दत्तराव सरांनी मला बोलावून सांगितलं, “भुजंगराव, सायबांसमोर पडद्यावर एक बी चूक दिसता कामा नये. लय वंगाळ दिसंल ते.” त्यांनी चूक नको असं म्हटलं नव्हतं, दिसायला नको असं म्हटलं होतं. आणि दाजी, खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. ऑफिसात आपला माणूस मी एकटाच. दुसऱ्या कुणाचा आकडा चुकला तर शाई सांडली म्हणतात, माझा चुकला तर लोक एकमेकांकडं बघतात. ती नजर मला नको होती. तुम्ही नामांतरासाठी बावीस दिवस जेलात बसून आलात, तुम्हाला ही भीती कळणार नाही, किंवा कळली तरी तुम्ही तिला भीक घालणार नाही.

मशीनबरोबर एक जाड पुस्तक येतं. त्यात शोधलं, तर फार सोपं निघालं. प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ घालायची, की चुका पडद्यावर दाखवू नकोस. बस्स, तोंड बंद. चूक व्हायची थांबत नाही, फक्त ती सांगायची थांबते. त्याच्याच खाली लिहिलं होतं, की असं करायचं तर प्रत्येक चूक वेगळ्या फाइलमध्ये लिहून घ्यावी आणि ती फाइल रोज वाचावी. पुस्तक लिहिणारा माणूस मोठा सभ्य असावा. लोकांसमोर अब्रू झाका, पण एकांतात बघून घ्या, असं त्याचं म्हणणं. मी लिहून घ्यायची सोय केली. वाचायचं तेवढं राहिलं.

उद्घाटन झक्क झालं. नारळ फुटला (मशीनपासून लांब, व्हरांड्यात), हार झाले, मी एक बटण दाबलं आणि छापायच्या मशीनमधून दोन्ही बाजूंनी भोकं असलेला लांबच लांब कागद करकर करत बाहेर आला. अध्यक्ष म्हणाले, वा. माझ्या गळ्यातही एक हार पडला. त्याच दुपारी यादी बोर्डावर लागली. अडतिसाव्या नंबरावर पिंगळीची एक मुलगी होती, एकसष्ट टक्क्यांची. तिचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि मी त्यातले दोन खाल्ले. त्या पोरीचं नशीब एवढंच, की १ जून १९७३ वाल्यांत तिचा अर्ज सगळ्यांत वर होता. तिच्या मागच्या सगळ्यांना मशीननं तीच समजून बाहेर ठेवलं.

सोमवारी तुमची सत्यशीला पहिल्या गाडीनं आली. अठ्ठ्याहत्तर टक्क्यांची पोर. बोर्डासमोर उभी राहून तिनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि माझ्या खिडकीशी आली. पाठीमागं दहा-बारा माणसं होती, बाजूला ते तिघे क्लार्क कान टवकारून. मी तिला काय म्हणालो, ते तिनं घरी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. मी म्हणालो, “मशीन चुकत नसतं, बाई. अर्जात तूच काहीतरी चुकली असशील.” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. ती म्हणाली, “मंग मीच चुकले का, मामा?” मी खाली मान घालून कागद चाळायला लागलो. तिला घरी जेवायला चल म्हटलं नाही, स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. ती एकटी चालत गेली, पिशवी छातीशी धरून. पिशवीत कागदपत्रं होती.

बुधवारी सहज ती चुकांची फाइल उघडली. एकशे त्रेसष्ट ओळी. नाव, गाव, टक्के, आणि पुढं तारीख, १-६-७३, १-६-७३, १-६-७३, कुठं मधेच १-६-७२. पेडगावच्या सात, गंगाखेडकडच्या तीस-बत्तीस. एक्क्याऐंशीव्या ओळीला सत्यशीला तात्याराव. मी तसाच दत्तराव सरांकडं गेलो. (चपला घालून गेलो, भानच नव्हतं.) त्यांनी दार लावलं, पाणी प्यायले आणि म्हणाले की अध्यक्षांच्या हस्ते लागलेली यादी आपल्या मनानं काढता येत नाही. आपण होऊन चूक झाली म्हणायचं तर ती संस्थेची होते. कुणा उमेदवाराची लेखी तक्रार आली तर मात्र गोष्ट वेगळी, मग सगळी यादी पुन्हा करावीच लागते. मुदत शनिवार दहा तारखेपर्यंत, पाच वाजेपर्यंत.

आणि काल सिताराम मास्तरांकडून कळलं, की अकरा तारखेला पाहुणे सत्यशीलेला बघायला येणार आहेत. आक्का म्हणाली म्हणे, “सख्खा मामा हापिसात असून नाव लागंना, तर शिकवून तरी काय करायचं हाय?” दाजी, आक्काच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मला फार लाज वाटते. जेवताना वाटते, दाढी करताना आरशात बघवत नाही. पाहुण्यांना नाही म्हणा असं सांगायचा मला हक्क नाही, पण दहा तारीख जाईपर्यंत तरी हो म्हणू नका. पोरगी तिच्या मार्कांनी आत आहे. पहिल्या दहात आहे.

आक्काला नमस्कार. सत्यशीलेला काय म्हणावं ते सुचत नाही.

तुमचा,
भुजंग

ता. क. १ – दुरुस्त केलेला प्रोग्राम तयार आहे. आता खूण म्हणून जन्मतारीख नाही, बारावीचा परीक्षा क्रमांक धरला आहे. चुका पडद्यावर दाखवायचं पुन्हा चालू केलं आहे. चारशे बारा अर्ज पुन्हा भरले, मशीन सहा वेळा ओरडलं, आणि सहाही वेळा अर्ज खरोखरच दुहेरी होता. म्हणजे चारशे सहाजणींत फक्त सहा घरांनी दोन अर्ज टाकले होते, त्यातही एक आमच्या टकल्या क्लार्कच्या भाचीचा.

ता. क. २ – वर ‘बुधवारी सहज’ लिहिलं आहे, ते खोटं आहे. उद्घाटन झाल्यावर शुक्रवारीच मशीननं खाली आकडा दाखवला होता, आत घेतलेले अर्ज दोनशे एकोणपन्नास. टेबलावर गठ्ठा चारशे बाराचा. दोन्ही मी पाहिले आणि बटण दाबून पडदा बंद केला. सत्यशीला खिडकीशी आली तेव्हा तिचं नाव कुठं पडलं असेल ते मला ठाऊक होतं. फाइल उघडली नव्हती ती एवढ्यासाठीच, की मला माहीत नव्हतं असं म्हणता यावं. हे मी दत्तराव सरांना सांगितलेलं नाही, बायकोला सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो.

ता. क. ३ – आता खरं काम. सोबत तक्रार-अर्जाचा मसुदा जोडला आहे. तो सत्यशीलेनं स्वतःच्या अक्षरात उतरून काढावा आणि गुरुवारपर्यंत घेऊन यावं. तिच्या एकटीच्या तक्रारीनं बाकीच्या सगळ्याजणींची यादी पुन्हा होईल. (त्यांचे पत्ते माझ्याकडं आहेत, पण अनोळखी क्लार्क दारात येऊन माझ्याविरुद्ध तक्रार द्या म्हणाला, तर लोक कुत्रं सोडतील.) मसुद्यात ‘सदर चूक अमुक यांनी जाणूनबुजून झाकून ठेवली’ असं एक वाक्य आहे, त्यात नावाची जागा कोरी आहे. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तीनदा पेन टेकवूनही तिथं लिहायला हात धजला नाही. ती जागा सत्यशीलेनं भरावी, आणि मामा म्हणून तिनं हात आखडला, तर तुम्ही तिच्याशेजारी बसून भरून घ्यावी.