दुपारची हाक

प्रिय शिल्पा,

तुझा फोन ठेवला, जेवले आणि लिहायला बसले. समोरची पंचशीला आजच नांदेडला निघाली आहे, तिच्या हाती पाठवते. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? अव्वा, गोळी घेतली का, चप्पल घातली का, एवढंच. घेतली बाई, आणि घरातही चप्पल घालते. पायाची बोटं बधिर झालीत, डोकं नाही अजून.

लातुरात साखरेच्या आजाराचा प्रत्येकाचा वेगळा कायदा आहे. पंचशीला मेथीचं पाणी पिते आणि लग्नात जिलेबी सोडत नाही. शेजारच्या गुरुबसप्पांनी गोळ्याच बंद केल्या, म्हणतात, गोळीनं किडनी जाती. त्यांच्यात मीच शहाणी. वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या, नीट परीक्षेच्या क्लासवाल्या पोरी मला विचारून आपल्या आज्यांना पथ्य कळवतात. दुपारी त्या क्लासला गेल्या की घर एकदम रिकामं होतं.

तेव्हाच ते होतं. आधी हात थरथरतात, मग घाम फुटतो, मग जमीन हलते, भूकंपात हलली तशी. पहिल्यांदा मी भूकंप, भूकंप ओरडत अनवाणी रस्त्यावर धावले होते. क्लासची पोरं बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन जेवला नाहीत, साखर उतरली. पदराला साखर बांधून ठेवा. ठेवली.

पण तुला एक सांगितलं नाही. त्या थरथरीत तुझ्या अप्पांचा आवाज येतो. किल्लारीकडच्या आपल्या घरात भूकंपाच्या त्या पहाटे आला होता तसाच: "गौरे, पोरीला घे, भायेर निघ!" आपण दोघी निघालो, ते आपल्या म्हाताऱ्या आईला आणायला मागे वळले, ते बाहेर आलेच नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मला आठवेनासा झाला होता गं. फोटो होता, आवाज नव्हता. मग मी मुद्दाम गोळी घेऊन ताट झाकून ठेवायला लागले. खुर्चीत बसून वाट बघायची. साखर तोंडात टाकली की हाक अर्ध्यावर तुटायची, म्हणून रोज जरा उशिरा टाकायची. मला त्याची लाज वाटत नाही. माझा नवरा मला भेटत होता.

गेल्या आठवड्यापासून मात्र त्या हाकेत माझं नाव नाही. "शिल्पे, इकडं ये. आत ये."

आणि आज तू हसत हसत सांगितलंस, तुलाही गोळी सुरू झाली, शाळेत शिकवताना डबा खायला उशीर होतो, हात कापतात आणि कुणीतरी आतून बोलावल्यासारखं वाटतं. फोन ठेवल्या ठेवल्या मी ताट वाढून घेतलं. पोटभर जेवले आणि रडले, कारण घरात आता कुणीच बोलत नाही. पोरी, अप्पांनी आपल्याला बाहेर काढलं होतं, ते तुला आत बोलावणार नाहीत. हा आवाज कुणाचा, मला माहीत नाही. डॉक्टरांना आजच सांग, गोळीनंतर जेवण चुकवू नकोस. हात कापले तर तोंडात आधी साखर टाक. आणि हाक अगदी अप्पांसारखी आली, तरी ओ देऊ नकोस.

तुझीच,
अव्वा