आफ्रिकेला बारा मुद्दे

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळी ६.४०
दिवाळी संपली. हर्षद आणि सूनबाई चार दिवस राहणार होते, दीड दिवसात पुण्याला परतले. ट्रॅफिक लागू नये म्हणून. ठीक आहे. मलाही कामं आहेत.

संकल्प: उरलेलं आयुष्य आफ्रिकेतल्या पुस्तक व्यवसायाच्या विकासाला द्यायचं.

अनुभव: मोहोपाड्याच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं, डिस्पॅच. मलावी, झांबिया, टांझानियाची शाळेची पुस्तकं आमच्याकडे छापली जायची. खोक्यांवरचे पत्ते माझ्या अक्षरात. म्हणजे तिकडची लाखभर मुलं एका अर्थी माझ्यामुळेच वाचायला शिकली. आता प्रेस बंद पडला आणि मी पोशीरला, गावच्या घरी. त्यांचं कसं चाललं असेल, कोण जाणे.

५ नोव्हेंबर
आफ्रिकेत चोपन्न देश आहेत. मला वाटलं होतं वीसेक असतील. मलावीपासून सुरुवात. तिथल्या मिसेस चिर्वा माझ्या ओळखीच्या. २०११ साली पुस्तकं तपासायला ब्लांटायरहून आठ दिवस आल्या होत्या. तीन वेळा आमच्या मोहोपाड्याच्या खोलीवर जेवल्या. मी त्यांना तिन्ही वेळा वितरण समजावलं. त्या माझ्या बायकोजवळ, उज्वलाजवळ, जमिनीवर बसून ऐकत होत्या. बाईंना शिकायची फार आवड.

उज्वला तेव्हा प्रेसची नमुना प्रत घरी हाताने शिवायची. छापलेल्या कागदाच्या घड्या, म्हणजे फर्मे, एकावर एक ठेवून दोऱ्याने. शिवून झाली की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट. मी म्हणायचो, अगं, याला इंडस्ट्री म्हणत नाहीत. ती हसायची आणि लावायची.

९ नोव्हेंबर
मिसेस चिर्वांना पत्र पूर्ण. बारा मुद्दे. मुद्दा १: आफ्रिकेने वाचनाची सवय लावून घ्यावी. मुद्दा २ ते ११: खोकी कशी भरावी. मुद्दा १२: सल्लागार नेमावा.

सहीखाली 'कन्सल्टंट' लिहिलं. शेवटी हात आपोआप चालला: 'सौ. उज्वलाचा नमस्कार.' सवयच ती. उज्वलाला जाऊन दोन वर्षं झाली. खोडलं तर घाण दिसतं आणि पूर्ण पान पुन्हा लिहायचं म्हणजे पाठ दुखते. राहू दिलं.

पोस्टमन नरेशने विचारलं, मलावी कुठल्या तालुक्यात. याला काय सांगायचं.

१४ नोव्हेंबर, बालदिन
पडवीत 'आफ्रिकन ग्रंथविकास केंद्र' सुरू. कपाटात तिकडच्या भाषेतल्या एकोणीस नमुना प्रती आहेत, त्या मांडल्या. एकही वाचता येत नाही, पण बांधणी बघण्यासारखी. शाळेत निरोप दिला होता. पाच वाजेपर्यंत कुणी आलं नाही. मग शेजारच्या गंगाबाई आल्या. रिकामं खोकं मागितलं, कोंबडी अंड्यावर बसवायला. दिलं. पहिल्या दिवसाच्या मानाने प्रतिसाद बरा.

१ डिसेंबर, रविवार
हर्षदचा फोन. केंद्राबद्दल सांगितलं. तो म्हणाला, बाबा, औषध घेता ना वेळेवर. नंतर रेंज गेली म्हणाला. मला त्याचं सगळं नीट ऐकू येत होतं.

१९ डिसेंबर
उत्तर नाही. मोठी माणसं विचार करून लिहितात. नरेशला आज फक्त तीनदा विचारलं. तो आता आमच्या घरावरून जाताना सायकल जोरात मारतो.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ आणून ठेवला होता, कोणी आलं तर. गंगाबाई आल्या. बाकी उरला. एकटाच खाल्ला, दात दुखला. खरं सांगायचं तर आफ्रिकेचं मरू दे. कुणीतरी काहीतरी विचारायला यावं, एवढंच होतं. (हे पान फाडायचं.)

३ फेब्रुवारी. दुपारी १२.१५
आलं! आफ्रिकेतून पार्सल! नरेश स्वतः आत आला, पाणी प्यायला, तिकिटं मागून घेतली. नीट हात धुऊन मग उघडणार. लेटरहेड छापायला टाकायला हवं.

३ फेब्रुवारी. दुपारी ३
आत एक पुस्तक आणि मिसेस चिर्वांचं इंग्रजी पत्र. सुरुवात: 'प्रिय उज्वला आणि मिस्टर उज्वला.'

माझी सही त्यांना लागली नाही म्हणे. पण शेवटी उज्वलाचा नमस्कार दिसला आणि पत्र कुठून आलं ते कळलं.

बाकी मजकूर असा. बाहेरून छापून आणणं त्यांनी केव्हाच सोडलं. सात लहान प्रकाशकांनी मिळून जुनं मशीन घेतलं. पुस्तकं तिथल्या चिचेवा भाषेत. सायकलवरून आठवडी बाजारात नेऊन विकतात. यातलं काहीही माझ्या बारा मुद्द्यांत नाही. बारा बायका दोऱ्याने बांधणी करतात, उज्वलाने जमिनीवर बसून शिकवली तशीच. आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रतीवर पिवळा-लाल ठिपका लावतात. उज्वला लावायची ना, क्वालिटी पास झाल्याची खूण! त्यांच्याकडे त्याचं रजिस्टर आहे.

आता सोबतचं पुस्तक. नवीन मुलींनी शिवलेलं पहिलं. त्यावर ठिपका नाही, कोपरा मोकळा ठेवलाय. उज्वलाने टाके तपासावेत, बरोबर असतील तर स्वतःच्या हाताने ठिपका लावून परत पाठवावं. तोवर बाकीची बांधणी थांबवली आहे.

बारा मुद्द्यांबद्दल एक ओळ: 'मिस्टर उज्वलांचे आभार, ते अजून तसेच बोलतात हे वाचून आनंद झाला.'

संध्याकाळी ६
निर्णय: ठिपका मीच लावायचा. ब्लांटायरला कोणाला कळतंय. लगेच 'अ‍ॅप्रूव्ह्ड' लिहून उद्या पाठवायचं.

उज्वलाचा करंडा उघडला. कुंकवाचा खडा झालाय.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी
गंगाबाईंकडे हळदीकुंकू. वीसेक बायका. चिमूटभर मागायला दारात उभा राहिलो. गंगाबाई बाहेर आल्या. कशाला हवं विचारलं. पुस्तक दाखवलं, सगळं सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसून मग पुस्तक घेतलं.

म्हणाल्या, "उज्वला गेली ते तिकडं कळवलं नाय तुमी?"

नाही म्हटलं.

"आन टाकं? तुमाला कळतात?"

एकतीस वर्षं प्रेसमध्ये होतो, हे तोंडावर आलं होतं. नाही, एवढंच म्हणालो. त्यांनी कागदाच्या पुडीत हळद आणि कुंकू दिलं. वाणाची वाटीपण दिली. ही उज्वलाच्या वाट्याची, म्हणाल्या.

घरी येऊन पडवीत बसलो. ती दोन वर्षं नाही, आणि तिला जमिनीवर बसून काय येत होतं ते मला ब्लांटायरहून कळलं. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९
कपाटातून उज्वलाची शेवटची नमुना प्रत काढली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. टाके कळत नाहीत, पण मोजता येतात. डिस्पॅचला तेवढंच तर काम होतं. प्रत्येक फर्म्याला पाच. इकडे पाच, तिकडे पाच. शेवटपर्यंत मोजले. एकही चुकला नाही.

पत्र लिहिलं. उज्वला सप्टेंबर २०२२ मध्ये गेली. मी डिस्पॅचला होतो, मला शिलाई येत नाही. टाके मोजले, तिच्याइतकेच आहेत. बांधणी सुरू करा. ठिपका मी लावतोय, तिचा समजू नका, पण हळदकुंकू खरं आहे.

कोपऱ्यात बोट टेकवलं. ठिपका लांबट आला.

पार्सल मात्र झकास बांधलं. कोपऱ्यांना पुठ्ठा, दुहेरी सुतळी, अक्षर ठसठशीत: ब्लांटायर. पाठवणाऱ्याच्या जागी 'कन्सल्टंट' लिहायला घेतलं होतं. मग 'मिस्टर उज्वला' लिहिलं.

नरेशने वाचून विचारलं, हे कोण.

मी, म्हटलं.